पायापासून पुन्हा: डॉक्टरकीच्या वाटेवर विज्ञान नव्याने शिकताना

नीटचा निकाल जूनमध्ये लागतो. त्यानंतर काही दिवस मुरुममध्ये चहाच्या टपरीपासून बसस्टँडपर्यंत एकच हिशेब चालतो: कोणाला किती मार्क पडले, कोणाचा नंबर लागेल आणि राहिलेल्यांपैकी कोण 'रिपीट' करणार. मुरुम हे उमरगा तालुक्यातले, कर्नाटकच्या सीमेलगतचे गाव. भोवती काळी जमीन, तूर-सोयाबीन-हरभऱ्याची शेते, पाणी असेल तिथे ऊस. गावात शाळा आहेत, महाविद्यालय आहे. पण मुलाला किंवा मुलीला डॉक्टर करायचे म्हटले की घरातले बोलणे लातूरवर येऊन थांबते. रिपीटर बॅच, हॉस्टेल, मेस, टेस्ट सिरीज असा सगळा संसार तिकडे हलतो. शिक्षणाच्या जागाही आता जवळ आल्या आहेत. सोलापूर, लातूर आणि अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होतीच. २०२२ पासून धाराशिवलाही झाले.

वर्ष हाताशी आले, फी भरली, मग या वर्षात करायचे काय? बहुतेक जण सांगतात, "सगळे परत पहिल्यापासून." उत्तर चुकीचे नाही. फक्त 'पहिल्यापासून' म्हणजे अकरावीच्या पहिल्या धड्यापासून, असे सगळे धरून चालतात आणि तिथेच वर्ष वाया जायला सुरुवात होते. ज्याला अकरावीत मोल कळला नाही, त्याचा गोंधळ बहुधा अकरावीत सुरू झालेला नसतो. तो नववीतला असतो. अकरावीचे पुस्तक कितीही वेळा वाचले तरी नववीतले भगदाड बुजत नाही. म्हणून या प्रकरणात पाहायचे ते एवढेच: पुन्हा शिकताना किती खाली उतरावे आणि तिथून वर कसे यावे.

परत शिकणारे कोण?

पहिला गट बारावीनंतर लगेच वर्ष देणाऱ्यांचा. त्यांना धडे आठवतात, पण गणित सोडवायला घेतले की हात अडतो. दुसरा गट थोड्या मोठ्या वयाच्यांचा. कोणी डी. फार्म. करून मेडिकल दुकानात बसलेला, कोणी नर्सिंग केलेली, कोणी बी.एस्सी. होऊन स्पर्धा परीक्षेत दोन-तीन वर्षे घातलेला. नीटच्या कमाल वयाच्या अटीवरून काही वर्षे न्यायालयात वाद चालू होता. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती अटच काढून टाकली. किमान १७ वर्षांची अट तेवढी राहिली. तिसरा गट बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्यांचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही परीक्षेला बसण्याची मुभा दिली.

उशिरा सुरुवात करणे ही काही आजची गोष्ट नाही. १८६४ मध्ये जन्मलेल्या रखमाबाईंचे तारुण्य बालविवाहाच्या खटल्यात गेले. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल १८८७ मध्ये लागला आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. तडजोड झाल्यावर १८८९ मध्ये, पंचविशीत, त्या लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकायला गेल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढची अनेक वर्षे सुरत व राजकोटला त्यांनी रुग्णसेवा केली. विज्ञान शिकायला पंचविशी उशिराची नसते, हे एवढ्यावरून दिसते.

विसरलेले सगळेच जात नाही

मोठ्या वयात पुस्तक उघडणाऱ्याला पहिल्या दिवशी वाटते की सगळे पुसले गेले. ते खरे नसते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस याने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करायचा, काही काळाने पुन्हा पाठ करायचा आणि दुसऱ्या वेळी किती वेळ वाचला ते मोजायचा. एका तासाने वेळेची बचत सुमारे ४४ टक्के होती, एका दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनीही २१ टक्के. विस्मरणाची ही आकडेवारी प्रसिद्ध आहे. पण तिचा दुसरा अर्थ आपल्या कामाचा आहे. महिन्याभराने एकही अक्षर आठवत नाही असे वाटत असतानाही पाचवा हिस्सा काम आधीच झालेले होते. आणि ती तर निरर्थक अक्षरे होती; समजून घेतलेला धडा त्याहून बराच जास्त टिकतो.

एबिंगहाउसच्या आकड्यांत आणखी एक सूचना आहे. घसरण पहिल्या दिवसात सर्वांत वेगाने होते, नंतर ती मंदावते. म्हणून आज शिकलेले उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने असे पाहणे हे एका दिवसात चार वेळा वाचण्यापेक्षा फायद्याचे. वेळ तेवढाच लागतो, फक्त तो पसरून वापरायचा.

मात्र बरोबर शिकलेले जसे शिल्लक असते, तसे चुकीचे शिकलेलेही शिल्लक असते. पुन्हा शिकणाऱ्याची खरी अडचण ही आहे. कोऱ्या पाटीवर लिहिणे सोपे. इथे आधीचे काही पुसायचेही असते. त्यासाठी ते आधी सापडले पाहिजे.

तीन प्रश्नांची चाचपणी

पुस्तक न उघडता पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून पाहा.

पहिला प्रश्न: उसातली साखर कुठून येते? बरेच जण "जमिनीतून, खतातून" असे लिहितात. साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. म्हणजे ३४२ ग्रॅम साखरेत १४४ ग्रॅम कार्बन, २२ ग्रॅम हायड्रोजन आणि १७६ ग्रॅम ऑक्सिजन. प्रकाशसंश्लेषणात कार्बन आणि ऑक्सिजन येतात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून आणि हायड्रोजन येतो पाण्यातून. म्हणजे कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पोत्यातल्या साखरेचे बहुतेक वजन एकेकाळी हवेत होते. नत्र, स्फुरद, पालाश लागतात, पण ते साखरेत नसतात. ते ती तयार करणाऱ्या यंत्रणेत असतात. सतराव्या शतकात व्हॅन हेल्माँट याने कुंडीत विलोचे झाड लावून पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड ५ पौंडांवरून १६९ पौंडांवर गेले, माती जेमतेम दोन औंसांनी कमी झाली. सगळे वजन पाण्याचे, असा निष्कर्ष त्याने काढला. माती नाही हे त्याने ओळखले. हवा मात्र त्याच्याही लक्षात आली नाही.

दुसरा प्रश्न: चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूवर त्याचे त्वरण किती? "शून्य" हे उत्तर फार सहज येते, कारण तिथे वेग शून्य असतो. पण त्वरण म्हणजे वेगातला बदल. तो बदल त्या क्षणीही चालूच असतो, म्हणून उत्तर आहे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. त्वरण खरेच शून्य असते तर चेंडू वरच थांबून राहिला असता. १९९२ मध्ये हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत अशा साध्या प्रश्नांची एक चाचणी तयार केली. त्यातून दिसले ते असे की सूत्रे वापरून गणिते सोडवणारे विद्यार्थीही बलाबद्दलच्या जुन्या समजुती मनात तशाच ठेवून असतात.

तिसरा प्रश्न: १८ ग्रॅम पाणी आणि १८० ग्रॅम ग्लुकोज, कशात रेणू जास्त? दोन्हींत सारखेच, ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. कारण दोन्हीही बरोबर एक मोल आहेत. ग्लुकोजचा रेणू पाण्याच्या रेणूच्या दहापट जड असतो, म्हणून वजन दहापट.

उत्तर चुकले तर अकरावीचे पुस्तक उघडू नका. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात 'गतीचे नियम' आणि 'द्रव्याचे मोजमाप' हे धडे आहेत. आठवीत 'बल व दाब' आणि 'पेशी व पेशीअंगके' आहेत. तिथून सुरुवात करा. अठरा-वीस वर्षांच्या माणसाचा नववीचा धडा एका बैठकीत उरकतो, कारण आता त्याचे वय आणि वाचनाची ताकद वाढलेली असते. लाज वाटते तेवढी फक्त बाजूला ठेवावी लागते.

एका सलाईनच्या बाटलीत तीन विषय

मूलभूत संकल्पना भक्कम झाल्या की नाही, हे ओळखायची एक खूण आहे: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र हे वेगवेगळे विषय वाटेनासे होतात. ग्रामीण रुग्णालयात लटकणारी सलाईनची बाटली घेऊन पाहू.

बाटलीवर ०.९ टक्के सोडियम क्लोराइड असे लिहिलेले असते. म्हणजे एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. मिठाचे रेणुवस्तुमान ५८.५. नऊला ५८.५ ने भागले की ०.१५४ मोल. पाण्यात मीठ सोडियम आणि क्लोराइड अशा दोन आयनांत विभागते, म्हणून विरघळलेले कण दुप्पट: लिटरला ०.३०८ मोल, म्हणजे ३०८ मिलिऑस्मोल. आयन एकमेकांना थोडे ओढून धरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला परिणाम साधारण २८६ चा असतो. इथपर्यंत रसायनशास्त्र झाले.

आता जीवशास्त्र. रक्तद्रवाची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, २९० च्या आसपास असते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणून तांबड्या पेशीतून पाणी बाहेर जात नाही आणि आतही येत नाही. त्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी थेट शिरेत सोडले तर परासरणाने पाणी पेशींत शिरेल, त्या फुगतील आणि फुटतील. मिठाचे प्रमाण खूप वाढवले तर पेशी आकसतील. नऊ ग्रॅम हा आकडा कोणी सोयीने ठरवलेला नाही. तो पेशीने ठरवलेला आहे.

आणि भौतिकशास्त्र. बाटली हातापेक्षा एक मीटर उंच टांगली, तर दाब किती? घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: १००० गुणिले ९.८ गुणिले १, म्हणजे ९८०० पास्कल. पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १३३ पास्कल, तेव्हा हा दाब होतो सुमारे ७४ मिलिमीटर. शिरेतला दाब याच्या मानाने फारच कमी असतो, म्हणून द्रव आत जातो. बाटली खाली आणली की प्रवाह मंदावतो आणि हाताच्याही खाली गेली तर रक्तच नळीत उलटे येते. शेवटी नर्स जो हिशेब करते तो: सेटमधून एका मिलिलिटरला २० थेंब पडत असतील आणि ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे असेल, तर १०,००० थेंब २४० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२.

ओआरएसच्या पुडीतही हेच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्याला १८० ने भागले की ७५ मिलिमोल. मीठ आणि सायट्रेट यांतून मिळणारे सोडियमही ७५ मिलिमोल. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहक प्रथिनामार्फत आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी येते, म्हणून ही जोडी. ग्रॅममध्ये पाहिले तर त्यातले काहीच दिसत नाही, मोलमध्ये पाहिले की कारण समोर येते.

किती खाली, कोणत्या क्रमाने

सर्वांत आधी गणिताची चार अवजारे: प्रमाण आणि टक्केवारी, दहाचे घात, लॉगॅरिदम, आलेखाचा चढ. नीटमध्ये कॅल्क्युलेटर चालत नाही. पीएच ७ वरून ६ वर आला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट झाले, हे लॉग कळल्याशिवाय कळत नाही. एककांची सवयही इथेच लावून घ्यावी. उत्तराचे एकक जुळत नसेल तर आकडा तपासायचीही गरज नाही.

भौतिकशास्त्रात प्रकरणे मोजण्यापेक्षा तत्त्वे मोजावीत. १९८१ मध्ये ची, फेल्टोविच आणि ग्लेसर या संशोधकांनी नवख्यांना आणि तज्ज्ञांना गणितांची कार्डे गटांत लावायला दिली. नवख्यांनी 'उतरत्या पृष्ठभागाची', 'स्प्रिंगची' असे गट केले. तज्ज्ञांनी 'ऊर्जा अक्षय्यतेची', 'न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची' असे. गणित सोडवायला घेण्याआधी ते कोणत्या तत्त्वावर उभे आहे ते एका ओळीत लिहायची सवय लावली, तर वर्षभरात दृष्टी बदलते.

रसायनशास्त्रात मोल, आवर्त सारणी आणि इलेक्ट्रॉनची मांडणी एवढे पक्के होईपर्यंत पुढे जाऊ नये. पुढचे बरेचसे त्यातूनच उलगडते. जीवशास्त्राला नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण आहेत. इथे एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळ न् ओळ वाचावीच लागते. पण पाठांतराला आधार शेतातूनही मिळतो. ऊस आणि ज्वारी सी-४ वनस्पती, तूर, हरभरा आणि सोयाबीन सी-३. सी-४ मार्गाचा शोध हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात लावला, तोही उसावर काम करतानाच. तुरीच्या मुळावरच्या गाठी उपटून पाहिल्या की रायझोबियम आणि नायट्रोजन स्थिरीकरण वेगळे पाठ करावे लागत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नीटचा पेपर मराठीतही मिळतो. त्यात इंग्रजी मजकूरही असतो आणि शंका आल्यास इंग्रजीच ग्राह्य धरला जातो. कोणती भाषा घ्यायची ते अर्ज भरण्याआधी, दोन्ही भाषांत एकेक पेपर सोडवून ठरवावे.

लातूरने काय ओळखले, काय निसटते

'लातूर पॅटर्न' हे नाव राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालयामुळे महाराष्ट्रभर गेले. त्याचा कणा म्हणजे सतत सराव आणि सतत चाचण्या. पुढे संशोधनानेही याला दुजोरा दिला. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवले, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. वाचताना 'हे मला येते' असे वाटते, कारण शब्द ओळखीचे असतात. ओळख आणि आठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; परीक्षेत दुसरीच कामी येते.

निसटते ते असे. चाचणी गुण सांगते, कारण सांगत नाही. दर आठवड्याचा पेपर झाला की रँक पाहून पोरे पुढच्या पेपरला लागतात. खरे तर पेपरानंतरचा तास पेपराइतकाच मोलाचा असतो. चुकलेला प्रत्येक प्रश्न चारपैकी एका रकान्यात लिहावा: माहितीच नव्हती, माहिती होती पण संकल्पना चुकीची, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही. महिन्याभरात दिसते की कोणता रकाना भरतो आहे. पहिला भरत असेल तर वाचन वाढवा. तिसरा भरत असेल तर रोज पाटीवर आकडेमोड करा. चौथा भरत असेल तर वेग कमी करा. १८० मिनिटांत १८० प्रश्न असले तरी चुकीच्या उत्तराला एक गुण कापला जातो. आणि दुसरा रकाना भरत असेल, तर आणखी हजार प्रश्न सोडवून उपयोग नाही. तो विद्यार्थी खालच्या इयत्तेत परत गेला पाहिजे.

यंदा मुरुममध्ये किंवा आसपासच्या गावात ज्या घरी रिपीट करायचे ठरेल, त्या घराने क्लासची पावती फाडण्याआधी एक काम करावे. आठवी ते दहावीची विज्ञानाची पुस्तके धाकट्या भावंडांकडून, शाळेतून किंवा बालभारतीच्या संकेतस्थळावरून मिळवावीत आणि पहिले सहा-आठ आठवडे त्यांनाच द्यावेत. रोज एक धडा वाचावा, पुस्तक मिटून तो कोऱ्या कागदावर मांडावा आणि मग घरातल्या कोणाला तरी समजावून सांगावा. ऐकणाऱ्याने "असे का?" असे विचारले आणि उत्तर देता आले, तर तो धडा झाला, नाही आले, तर उद्या पुन्हा तोच. एवढे करून जो विद्यार्थी लातूरच्या वर्गात बसेल, त्याला तिथले शिकवणे दुप्पट लागू पडेल. न करता बसला, तर दुसऱ्या वर्षी चुकाही त्याच होतील आणि गुणही जवळपास तेवढेच पडतील.